पाणी गेलं कुठे?

जुनं पेट्रोल इंजिन मोठं उधळं असतं. एक लिटर पेट्रोल जाळून जेवढी उष्णता निघते, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकं फिरवण्याच्या कामी येतो. बराचसा धुराबरोबर सायलेन्सरवाटे जातो आणि साधारण एक तृतीयांश इंजिनच्या धातूत मुरतो. आकड्यांत सांगायचं तर, ताशी साठच्या वेगाने लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी तासाला पाच लिटर पेट्रोल जाळते. त्यातून सुमारे ४५ किलोवॅट उष्णता निघते आणि त्यातली १५ किलोवॅट पाण्याच्या मार्गे बाहेर काढावी लागते. घरातला साठवणीचा गीझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे बॉनेटखाली सात गीझर अखंड चालू आहेत, आणि त्यांच्यासाठी पाणी आहे पाच-सहा लिटर.

हे पाणी फिरायचं थांबलं तर? बऱ्याच जुन्या गाड्यांत पंखा आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात. तो बेल्ट तुटला, तर इंजिनच्या लोखंडाचं वजन जमेला धरूनही तापमान ८५ अंशांवरून ११५ अंशांवर जायला दोन-अडीच मिनिटं पुरतात. “पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ, दोनच तर किलोमीटर आहे,” असं म्हणणाऱ्यांची इंजिनं त्या दोन किलोमीटरमध्येच जातात.

घाटात काय बदलतं ते पाहा. खंडाळ्याच्या चढावर हीच गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसने चढते आणि लिटरला सहाच किलोमीटर देते असं धरा. तासाला पेट्रोल पुन्हा पाचच लिटर जळलं. उष्णता तेवढीच राहिली, पण समोरून येणारा वारा निम्म्यावर आला. पुढे लादलेला ट्रक असेल तर त्याचा गरम धूरही त्याच वाऱ्यात. त्यात उन्हाळा. इंजिनातलं पाणी ९० अंशांवर आहे असं मानलं, तर २५ अंशांच्या हवेशी त्याचा फरक ६५ अंशांचा असतो; चंद्रपूर-नागपूरकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात तो ४५ अंशांवर येतो. रेडिएटरची ताकद या फरकावरच चालते, त्यामुळे काहीही न बिघडता ती तीस टक्क्यांनी घटते.

गाडी बनवणाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं. म्हणून तो रेडिएटर, पंप आणि पंखा रोजच्या गरजेपेक्षा बरेच दमदार देतो. ही जादा ताकद वर्षानुवर्षं गुपचूप झिजत जाते. काही नळ्या बुजतात, पुढच्या जाळीच्या पात्या वाकतात, झाकणाचं रबर कडक होतं, पंपाची पाती गंजून खाल्ली जातात, बेल्ट सैल पडतो. यांतल्या एकट्या-दुकट्या दोषाने गाडी तापत नाही. ऑफिसला जाऊन-येऊन काटा मधोमध उभा असतो. शिल्लक संपली की मग पहिल्या लांब चढावर वाफेचा लोट उठतो आणि मालक सांगतो, “काल तर एकदम व्यवस्थित होती.” ती काल व्यवस्थित नव्हती. काल तिला घाट चढायचा नव्हता, इतकंच.

जुन्या गाड्यांच्या मालकांचं आणखी एक आवडतं वाक्य आहे: “बाकी गाडी टकाटक आहे, फक्त थोडं पाणी खाते.” एके काळी सगळ्याच गाड्या पाणी खात. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत रेडिएटरच नव्हता. इंजिनभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ उडून जायची आणि वाटेत नवं पाणी ओतायचं, अशी ती योजना होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला याच धाटणीच्या गाडीतून गेली. शंभरेक किलोमीटरच्या त्या प्रवासात तिला जिथे मिळेल तिथून पाणी भरत जावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाखने १९०१ च्या मर्सिडीजसाठी आठ हजारांवर बारीक नळ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बनवला आणि थोडं पाणी पुन्हा पुन्हा थंड करून वापरणं जमू लागलं. त्यानंतर दाबाची झाकणं आली आणि पाण्याचा हा फेरा जवळपास बंदिस्त झाला.

बंदिस्त फेऱ्यात पाणी खर्च होत नाही. पेट्रोल जळतं, ऑइलही थोडंफार जळतं, पण पाणी जळत नाही. ते कमी झालं असेल तर कुठून तरी गेलं आहे. तरी आपल्याकडे डिकीत पाण्याची पाच लिटरची बाटली ठेवून बर्थाबाईंच्या पद्धतीने गाडी चालवणारे कमी नाहीत. पाणी कमी दिसलं की ओतलं, विषय संपला. जुनी गाडी तापू नये असं वाटत असेल तर ओतण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: गेलं कुठे?

उत्तर शोधणं फारसं अवघड नसतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून गळती पुढची की मागची ते कळतं. पाण्याच्या पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की त्यातून पाणी झिरपतं, आणि ते भोक पंप मरायला टेकल्याची खबर द्यायलाच ठेवलेलं असतं. काही महाभाग ते एम-सीलने बुजवतात. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि एक दिवस पंप पंख्यासकट रेडिएटरवर जातो. होजच्या क्लिपांपाशी पांढरी किंवा हिरवट खपली दिसली तर तिथून पाणी झिरपून वाळतंय. ब्लॉकच्या कुशीत पत्र्याचे वाटीसारखे गोल प्लग असतात. ते आतून गंजत येतात आणि बाहेरून शेवटपर्यंत शहाजोग दिसतात. हीटर असलेल्या गाडीत काचेवर आतून चिकट धुकं धरलं, डावीकडचं कार्पेट ओलं लागलं, गोडसर वास आला, तर डॅशबोर्डमागचा छोटा हीटर रेडिएटर गळतो आहे. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत तर गळतीच्या जागा वाढलेल्याच असतात, कारण गॅसचा रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरवतात आणि त्यासाठी मूळ होज कापून जोड दिलेले असतात. चालत्या गाडीत रिड्यूसरवर दव किंवा बर्फ धरलेलं दिसलं तर गॅसवाल्याकडे धावण्याआधी रेडिएटरमधलं पाणी बघा. तिथपर्यंत गरम पाणी पोचतच नसतं.

गळती डोळ्यांना दिसत नसेल तर बऱ्या गॅरेजमध्ये हातपंपासारखं प्रेशर टेस्टर असतं. रेडिएटरच्या तोंडावर ते बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरायचा आणि दहा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला आणि बाहेर थेंबही नाही, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. ही वाईट बातमी, तिच्याकडे नंतर येऊ.

आता त्या झाकणाबद्दल. संपूर्ण यंत्रणेतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यावर ७, १३ किंवा ०.९ असा आकडा कोरलेला असतो. पहिले दोन पाउंडात, शेवटचा बारमध्ये. तेवढा दाब आत साठेपर्यंत झाकण उघडत नाही, आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. ७ पाउंडाला पाणी साधारण १११ अंशांना उकळतं, १३ पाउंडाला ११९ च्या आसपास. झाकणाचं रबर फाटलं की हा सगळा फायदा गेला. पाणी शंभरालाच उकळणार. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे तर ते ९६ अंशही गाठत नाही. पसरणीच्या घाटात दर वळणाला वाफ सोडणाऱ्या गाडीचा रेडिएटर बदलण्याचा खर्च सांगितला जातो, तेव्हा आधी झाकण बदलून पाहायला हरकत नसते.

झाकणात दुसरी एक इवलीशी झडपही असते. इंजिन थंड झालं की आत पोकळी तयार होते आणि ही झडप बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून पाणी परत ओढून घेते. ती अडकली तर सकाळी रेडिएटरचा वरचा होज चपटा झालेला दिसतो. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हा चकवा इथूनच होतो. म्हणून बाटलीतल्या पातळीवर विसंबू नका. आठवड्यातून एकदा, गाडी पूर्ण थंड असताना, झाकण उघडून आत बघा.

गरम गाडीचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात माणसं भाजतात. कारण आतलं पाणी ११० अंशांवर असूनही शांत असतं, दाबाने धरून ठेवलेलं. झाकण सैल होताच दाब जातो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. ती उरलेलं उकळतं पाणी तोंडावर फेकते. फडकं धरून अर्धा वेढा सोडायचा हा उपाय जुने ड्रायव्हर सांगतात. माझा सल्ला आहे की तोही करू नये. अर्धा-पाऊण तास थांबावं. होज हाताने दाबून बघावा. तो मऊ लागला आणि हाताला सहन झाला तरच झाकणाला हात लावावा.

पाणी ओतण्याने आणखी एक नुकसान होतं, त्याचा हिशेब सहसा कोणी करत नाही. दख्खनच्या पठारावर बहुतेक बोअरचं पाणी जड. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार धरले, तर रेडिएटर एकदा भरल्याने फार तर अडीच-तीन ग्रॅम क्षार आत जातात. त्याने काही होत नाही. पण गाडी आठवड्याला लिटरभर पाणी वाफेने घालवत असेल, तर वर्षाला पन्नास लिटर ओतलं जातं. वाफ जाते, क्षार मागे राहतात. वर्षाचे पंचवीस ग्रॅम झाले. ते बसतात नेमके सगळ्यात गरम जागी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत. शिवाय दर नव्या लिटरबरोबर ताजा प्राणवायू आत जातो आणि लोखंडी ब्लॉकला गंज चढवतो. गळतीने नुसतं पाणी जात नाही. गळती पुढच्या तापण्याची तयारी करून ठेवते. घरातल्या त्याच गीझरची कॉइल काढून कधी पाहिली असेल, तर हा थर उष्णता कशी अडवतो ते वेगळं सांगायला नको.

म्हणून कूलंट. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग न गोठणारं पाणी कशाला, असं म्हणणारे आहेत. खरं तर उष्णता वाहून न्यायला साधं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरस असतं. पण कूलंटमधली गंजरोधक रसायनं ब्लॉक, पंप आणि ॲल्युमिनियमचं हेड वाचवतात, आणि निम्मं-निम्मं मिश्रण उकळायला काही अंश जास्त लागतात. ते बॅटरीच्या पाण्यात, म्हणजे पेट्रोल पंपावर कॅनमध्ये मिळणाऱ्या क्षार काढलेल्या पाण्यात मिसळावं. बाटलीबंद मिनरल वॉटर नको, त्यातही क्षार असतात. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा निव्वळ कंपन्यांचा शिरस्ता आहे. लेबल वाचा, दोन जाती एकत्र करू नका आणि दोन-तीन वर्षांनी बदला. पितळी टाक्या झाळून बसवलेला तांब्याचा रेडिएटर असेल तर पारंपरिक जातीचं, तांबं-पितळ आणि झाळकामाला चालेल असं स्पष्ट लिहिलेलं कूलंट घ्या. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असतं. जुनं काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. लहान मुलांचीही तीच भीती.

कूलंटच्या उलट टोकाला हळद. रेडिएटर गळायला लागला की चमचाभर हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते, हा देशी उपाय भारतभर चालतो. आडरानात, रात्री, दुसरा इलाज नसताना जरूर करा. मात्र हळदीला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. गावी पोचल्यावर रेडिएटर धुऊन गळतीची जागा झाळून घेतली नाही, तर पुढच्या वर्षी त्याच हळदीने अर्ध्या नळ्या बसलेल्या असतात.

बसलेल्या नळ्या मोकळ्या करणं हे रेडिएटरवाल्याचं काम. जुन्या बाजाराच्या बोळांत अजून अशी दुकानं आहेत. कारागीर ब्लो लॅम्पच्या ज्योतीने टाकीच्या कडेचं झाळकाम वितळवतो आणि वरची पितळी टाकी अलगद उचलून घेतो. खाली नळ्यांची चपटी तोंडं रांगेने दिसतात. काही काळी-रिकामी, काही विटकरी चिखलाने भरलेली. मग तो पोलादाची लांब पातळ पट्टी एकेका नळीतून वर-खाली ओढतो. यालाच रॉडिंग म्हणतात. खालच्या घमेल्यात गंजाचं पाणी साचत जातं, त्यात खपल्या पडतात. शेवटी टाकी पुन्हा झाळून, रेडिएटरची तोंडं बंद करून, तो हौदात बुडवतो आणि हवा भरून बुडबुडे बघतो. इथे आपण स्वतः उभं राहावं. रॉडिंग करतो म्हणून नुसता ॲसिडने धुऊन दिलेला रेडिएटर बाहेरून तितकाच चकाकतो. अलीकडच्या ॲल्युमिनियमच्या, प्लॅस्टिक टाकी दाबून बसवलेल्या रेडिएटरवर हे काम होत नाही. तो बुजला की बदलायचा.

बुजलाय की नाही ते घरीही कळतं. गाडी चालवून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात जवळून फिरवा. इलेक्ट्रिक पंखा असेल तर आधी बॅटरीची तार काढा, तो बंद गाडीतही अचानक सुरू होतो. पाणी सगळीकडून फिरत असेल तर ऊब सलग लागते. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या मेल्या आहेत.

यानंतर थर्मोस्टॅट, आणि इथे माझं बऱ्याच मेकॅनिकांशी पटत नाही. गाडी तापते म्हणताच ते थर्मोस्टॅट काढून फेकतात. “आपल्या हवेत याची गरजच नाही साहेब, हा थंड देशांसाठी असतो.” हा सल्ला ऐकून थर्मोस्टॅट गमावलेल्या गाड्या महाराष्ट्रात किती असतील देव जाणे. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. ठरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, ते वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड चालतं. थंड सिलिंडरवर पेट्रोलचे थेंब साचतात, ऑइल पातळ करतात, ऑइलमध्ये काळा गाळ धरतो, ॲव्हरेज घसरतं. शिवाय अनेक इंजिनांत गरम झालेला थर्मोस्टॅट एकीकडे रेडिएटरची वाट उघडताना दुसरीकडे बायपासची वाट बंद करतो. तो नसला तर गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून सरळ पंपात परत जातो, म्हणजे तापण्यावरचा उपाय तापण्याचं कारण बनतो. काही गाड्यांना थर्मोस्टॅट काढल्यावर बरं वाटतं, नाही असं नाही. थोडं जास्त पाणी फिरतं आणि अर्धवट बुजलेला रेडिएटर आणखी काही महिने निभावून नेतो. दुखणं झाकलं जातं.

थर्मोस्टॅट चांगला की वाईट हे ठरवायला मेकॅनिक लागत नाही. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, शेजारी थर्मामीटर, खाली गॅस. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला तर परत बसवा. नाही उघडला तर त्याच आकड्याचा नवा आणा.

गाडी कुठे तापते, यावरून अर्धं निदान होतं. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर वाऱ्याचा प्रश्न: पंखा, त्याचा स्विच, सैल बेल्ट, पंख्याभोवतीचं निघालेलं कवच. बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा. उलट, शहरात छान आणि हायवेला तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर बुजलाय, पंपाची पाती झिजलीत किंवा खालचा होज. खालच्या होजमध्ये पंपाची ओढ असते म्हणून कित्येक गाड्यांत आत तारेची स्प्रिंग घातलेली असते. ती गंजून गेली की इंजिनचे फेरे वाढताच होज आतून मिटतो. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत तो पुन्हा गोल झालेला असतो, त्यामुळे हा चोर सहसा सापडत नाही. कोणीतरी ॲक्सिलरेटर देत असताना त्याच्याकडे बघावं लागतं.

गाडीला हौसेने चढवलेल्या गोष्टीही वारा अडवतात. जाडजूड क्रॅश गार्ड, फॉग लॅम्प, ग्रिलवर लावलेल्या पाट्या. बाहेरून बसवलेल्या एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच येतो आणि आधीच तापलेली हवा त्याला पाजतो. ऑइल बदलताना गॅरेजने काढलेला खालचा प्लॅस्टिकचा पत्रा परत लावला नाही, तर समोरून आलेली हवा रेडिएटरमधून न जाता खालून निसटते. धुताना प्रेशरचा फवारा जाळीवर जवळून मारू नका, पात्या आडव्या होतात. साध्या नळीने, इंजिनच्या बाजूने बाहेर, असं धुवा.

पाण्याशी संबंध नसलेली कारणंही थोडी आहेत. इग्निशन टायमिंग मागे गेलेलं, कार्बुरेटरचं मिश्रण पातळ, एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिलेला, ऑइल कमी. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सगळं नवं घालूनही तापणाऱ्या गाडीत यांपैकीच काहीतरी निघतं.

काटा वर जाताना दिसला तर एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण, काचा खाली. मे महिन्यात हे करणं शिक्षा आहे, पण हीटर म्हणजे फुकटचा छोटा रेडिएटर असतो आणि तेवढ्याने काटा खाली येऊ शकतो. पंखा बेल्टवर असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये घालून थोडे फेरे वाढवा, पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात. वाफ दिसली तर मात्र लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. आणि एक फसवणूक ओळखा: चढलेला काटा अचानक धाडकन खाली आला तर निःश्वास टाकू नका. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो नुसत्या वाफेत लोंबकळतो आणि कमी तापमान दाखवतो. त्या क्षणी इंजिन सगळ्यात मोठ्या धोक्यात असतं. तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनवर थंड पाणी ओतू नका. ओतीव लोखंड तडकतं. निवल्यावर, इंजिन सुरू ठेवून, पाणी बारीक धारेने घाला आणि नंतर झाकण उघडं ठेवून आतली हवा निघू द्या.

हे सगळं टाळलं तर काय होतं ते गाडीच्या जातीवर आहे. उत्तरपाड्याला १९५८ पासून २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या ॲम्बेसेडरच्या जुन्या बी-सिरीज इंजिनाचा ब्लॉक लोखंडी आणि हेडही लोखंडी. दोन्ही सारखेच प्रसरण पावतात, म्हणून ते एखाद-दुसरा ताप सोसून जायचं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, मारुती ८०० चंही तसंच, आणि दोघींचे ब्लॉक लोखंडी. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, पण बोल्टांनी ते जखडलेलं असतं. जास्त तापलं की ते वाकतं, आणि निवल्यावर सरळ होतंच असं नाही. लहान इंजिनांत हेडच्या सपाटीला जी सूट असते ती ०.०५ मिलिमीटरची, कागदाच्या जाडीहून कमी. त्यापुढे हेड गॅस्केट जातं. चालत्या इंजिनात रेडिएटरमध्ये बुडबुडे, मागून न थांबणारा पांढरा धूर, ऑइलची डिपस्टिक दुधाळ, आणि प्रेशर टेस्टरचा तो उतरणारा काटा, ही त्याची लक्षणं. गॅस्केट बदलताना हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने मोजलंच पाहिजे आणि गरज असेल तर फेसिंग करून घेतलं पाहिजे. वाकलेल्या हेडखाली घातलेलं नवं गॅस्केट फार दिवस टिकत नाही. मग मेकॅनिक गॅस्केटच्या कंपनीला शिव्या देतो.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. रेडिएटरचं झाकण उघडा. आत रंगीत, स्वच्छ कूलंट काठोकाठ असेल तर त्या माणसाने गाडी सांभाळली आहे. गढूळ विटकरी पाणी असेल तर रेडिएटर, पंप आणि होजचा खर्च किमतीतून वजा करा. झाकणाखाली तेलकट, फिकट लोणी धरलेलं दिसलं तर सौदा फिसकटू द्या. आणि तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल, तर पुढचं काहीही न तपासता परत या.